तक्रार 'निकाली' निघाली, ओल मात्र तशीच! पाहणी म्हणजे नेमकं काय व्हायला हवं?

उंबरठा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज स्वतःच्या गरजेपोटी धागा काढतेय.

आमच्या आतल्या खोलीच्या भिंतीला आठ महिने ओल आहे. आधी छताच्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग होता, आता तो कपाटामागून खिडकीपर्यंत उतरलाय. रंगाचे पापुद्रे सुटतात आणि खाली काळी बुरशी दिसते. मुलगा सहा वर्षांचा आहे, रात्र रात्र खोकतो. त्याची कॉट त्याच भिंतीशी होती, ती हॉलमध्ये आणली.

वरच्यांना तीनदा सांगून झालं. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे सगळं कोरडं ठणठणीत आहे. शेवटी पालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली. टोकन नंबर मिळाला. अकराव्या दिवशी मेसेज: 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' घरी कोणीही आलं नव्हतं! फोन केला तर म्हणाले, पाहणी झाली आहे, बाहेरून गळती आढळली नाही.

डाग आतल्या भिंतीवर आहे, तो बाहेरून कसा दिसणार? पाहणी करणाऱ्याने घरात यायलाच हवं की नाही? आणि तक्रार बंद करण्याआधी आम्हाला एका शब्दाने विचारायला नको का? ज्यांनी अनुभव घेतलाय त्यांनी कृपया सांगा.

मोरपीस
शब्दन् शब्द आमचाच अनुभव. फक्त ओलीच्या जागी तुंबलेला ड्रेनेज चेंबर. तीन वेळा 'निराकरण' झालं आणि तिन्ही वेळा चेंबर उघड्या डोळ्यांना वाहताना दिसत होता. तिसऱ्या वेळी मी वाहत्या चेंबरचा फोटो आणि निराकरणाचा मेसेज शेजारी शेजारी ठेवून पुन्हा तक्रार केली. दुसऱ्याच दिवशी गाडी आली. आता पहिल्या तक्रारीलाच फोटो जोडते.

सरळसोट
ताई, राग मानू नका, पण वरच्या घरातून खाली येणारी गळती हा दोन घरांमधला प्रश्न आहे. त्यात पालिकेने का पडावं? सोसायटीत बसा, प्लंबर बोलवा. शेजाऱ्यांच्या भांडणांसाठी निरीक्षक वापरले, तर ज्यांच्या नळाला गटाराचं पाणी येतंय त्यांच्याकडे कोण जाणार?

उंबरठा
सरळसोट, सोसायटीत दोनदा विषय निघाला आणि 'सामोपचाराने मिटवा' यावर संपला. प्लंबर आणला होता, पण वरच्यांनी त्याला आत घेतलं नाही. मी कोणाचं दार ढकलून आत जाऊ शकत नाही. म्हणूनच ज्याला तो अधिकार आहे त्याच्याकडे गेले.

कंदील
स्वच्छता निरीक्षक म्हणून नोकरीची सगळी वर्षं घालवून निवृत्त झालो आहे, तेव्हा दोन शब्द लिहितो.

आधी उंबरठाताईंचा प्रश्न. पाहणी म्हणजे तक्रारीत लिहिलेल्या जागी जाणं, ती जागा बघणं आणि काय दिसलं ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवणं. 'बाहेरून आढळले नाही' ही आतल्या भिंतीच्या तक्रारीची पाहणीच नव्हे. तक्रारदाराच्या दारापर्यंत न जाता शेरा लिहिणं मी माझ्या हाताखालच्या मुलांना कधी करू दिलं नाही. कुलूप असेल तर 'घर बंद' लिहा, दाराला चिठ्ठी लावा, पुन्हा जा. मात्र निराकरण लिहायचं नाही.

आता दुसरी बाजूही ऐका. एकेकाकडे दोन-दोन वॉर्ड असतात. सकाळी कचरा, मग डासांची फेरी, दुपारी नोटिसा, मधेच कुठे तरी साथ. ॲपवर तक्रारीपुढे लाल आकडा पळत असतो. मुदत उलटली की साहेबांकडून विचारणा होते, पण चुकीची बंद केली तर कोणी विचारत नाही. माणूस मग मुदत सांभाळतो. ही त्या माणसाइतकीच व्यवस्थेची चूक आहे, आणि ती सुधारायची तर एकच गोष्ट हवी: तक्रारदाराने 'हो, झालं' म्हटल्याशिवाय तक्रार बंद होऊ नये.

तोवर ताई, एक काम आजच करा. पेन्सिल घ्या, डागाच्या कडेने भिंतीवरच रेघ ओढा आणि रेघेशेजारी तारीख लिहा. दर आठवड्याला नवी रेघ. सुट्टीच्या दिवशी, जेव्हा वरचे घरी असतात, तेव्हा डाग पुढे सरकतो का ते बघा. पिण्याच्या पाण्याची लाइन गळत असेल तर ओल दिवसरात्र सारखी राहते, कारण त्या पाइपात कायम दाब असतो. सांडपाण्याची लाइन गळत असेल तर वापराप्रमाणे कमी-जास्त होते. अर्धं निदान तुमच्या भिंतीवरच लिहिलेलं असतं.

निशिगंध
कंदीलकाका, पेन्सिलीची युक्ती जपून ठेवली आहे. मनापासून धन्यवाद.

उंबरठा
काका!! वरचे मागे आठ दिवस बाहेर होते, तेव्हा कड सुकून पांढरी झाली होती. मला वाटलं ऊन पडलं म्हणून. आज संध्याकाळीच रेघ ओढते.

तळमजला
पांढरी कड म्हणजे लोणा. पाणी भिंतीतले क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. हात फिरवलात तर पिठासारखी पावडर येईल. याचा अर्थ पाणी भिंतीच्या आतून येतंय. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा तक्रारींवर हमखास मिळणारं उत्तर म्हणजे 'तुम्ही खिडक्या उघडत नाही, कपडे घरात वाळवता'. दमट हवेनेही बुरशी येते हे खरं, पण ती भिंतीचे थंड कोपरे किंवा कपाटामागची न हलणारी हवा अशा जागी येते, तिला पिवळट-तपकिरी कड नसते आणि लोणाही नसतो.

मी बांधकामातला आहे. गळतीवर नुसता रंग मारून घेणारे लोक बघितले की जीव तुटतो. तीन महिन्यांत सगळं पुन्हा वर येतं.

शब्दवेल्हाळ
तळमजला, रंगावरून आठवलं. इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. घरभर बुरशी होती. वडिलांनी २०१७ मध्येच तक्रार केली होती, त्यांना वरून रंग मारायला सांगितलं गेलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी पूर्ण झाली आणि घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेला संपर्क हे कारण नोंदवलं गेलं. पुढे त्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सामाजिक गृहनिर्माणातल्या (स्थानिक परिषदा किंवा संस्थांनी कमी भाड्याने दिलेल्या) घरांना तो ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे: तातडीचा धोका असेल तर २४ तासांत कृती, आणि ओल-बुरशीचा लक्षणीय धोका असेल तर कामकाजाच्या १० दिवसांत तपास.

हे टंकताना पोटात कालवलं. तक्रारीची नोंद होती, पण तिच्याकडे आजार म्हणून कोणी बघितलं नाही.

उंबरठा, मुलाला डॉक्टरांना दाखवलं असेलच. खोकल्याचा आणि घरातल्या ओलीचा उल्लेख असलेली चिठ्ठी मागून घे आणि तक्रारीला जोड. तक्रार मग नुसती 'इमारत दुरुस्ती'ची राहत नाही.

सरळसोट
शब्दवेल्हाळ, हे माहीत नव्हतं. वाचून गप्प झालो. मूल आजारी असेल तर हा दोन घरांमधला प्रश्न राहत नाही, हे मान्य. माझा आधीचा मुद्दा मी एवढ्यापुरता मागे घेतो. पण प्राधान्य कसं ठरवायचं हा प्रश्न उरतोच. सगळ्याच तक्रारी तातडीच्या कशा असतील?

कायदेकानू
सरळसोट, प्राधान्य लिहून ठेवता येतं आणि काही ठिकाणी ठेवलंही आहे. न्यूयॉर्क शहरात घरातल्या दोषांचे ए, बी, सी असे तीन वर्ग आहेत. ए म्हणजे धोका नाही, दुरुस्तीला ९० दिवस. बी म्हणजे धोकादायक, ३० दिवस. सी म्हणजे तात्काळ धोका, त्यातल्या बहुतेक दोषांना २४ तास. वर्ग निरीक्षक ठरवतो आणि तो कागदावर येतो. इंग्लंडमध्ये २००४ च्या गृहनिर्माण कायद्याखाली घरातल्या २९ प्रकारच्या धोक्यांचं मूल्यमापन होतं. ओल आणि बुरशी त्यात आहे. दोष सर्वांत गंभीर श्रेणीत गेला की स्थानिक परिषदेला कारवाई करावीच लागते, तिथे 'बघू' चालत नाही.

आपल्याकडचा एक निकाल मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावा. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघडी गटारं, मैला, डास यांना कंटाळून दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागितली होती. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने स्पष्ट सांगितलं की सार्वजनिक आरोग्याचं कर्तव्य टाळायला पैशाची अडचण हे कारण चालणार नाही. तेव्हा वापरलं होतं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याची ती तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ म्हणून आहे.

मात्र लक्षात घ्या, ते सार्वजनिक उपद्रवासाठी आहे. उंबरठाताईंच्या भिंतीला ते सरळ लागू होणार नाही. त्यांनी माहिती अधिकारात पाहणीचा अहवाल मागावा: कोण आलं, किती वाजता, काय दिसलं. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. झालेलीच नसेल अशा पाहणीचा अहवाल देणं कठीण असतं.

मोरपीस
शेवटचं वाक्य सोन्याचं आहे.

गप्पीमासा
जरा विषय वळवतो, पण धाग्याच्या शीर्षकात बसतं म्हणून.

डासांच्या तक्रारीत तर दिवस मोजूनच काम व्हायला हवं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचा अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबदार हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणजे पंधरा दिवसांच्या मुदतीची तक्रार वेळेत बंद झाली, तरी तोवर एक पिढी उडून गेलेली असते. आणि पाणी नुसतं ओतून देऊन भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आलं की फुटतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, टाकी, कुंडीखालची ताटली घासायची. घासायची, नुसती रिकामी करायची नाही.

लोक फोन करतात, 'धुराची गाडी पाठवा'. धूर फक्त उडत्या डासांना मारतो, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. गाडी गेली की समाधान वाटतं आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. त्यापेक्षा घरोघर जाऊन पाण्याची भांडी तपासणारी माणसं हा खरा उपाय. पथक दर शंभर घरांमागे किती घरांत अळ्या सापडल्या ते मोजतं, त्यावरून कुठल्या गल्लीत आधी जायचं ते ठरतं. तुम्ही दार उघडलं नाहीत तर तुमच्या गल्लीचा आकडा खोटा कमी येतो.

निशिगंध
गप्पीमासा, आमच्याकडे येणारी ताई टाकीच्या पाण्यात बॅटरी मारून बघते. माझी धाकटी पाच वर्षांची, ती त्यांच्यामागे टाकीपर्यंत गेली. त्यांनी वाटीत पाणी घेऊन तिला अळी दाखवली, उलटी लटकलेली, शेपटीने श्वास घेणारी. त्या दिवसापासून घरात कुठेही थेंब साचला की ही बॅटरी घेऊन हजर. काल आजोबांच्या कवळीच्या वाटीची पाहणी झाली. आजोबांना 'अळ्या आढळल्या नाहीत' असा कागद मिळाला. :)

गप्पीमासा
तिला माझ्यातर्फे शाबासकी द्या! आणि आजोबांनी तो कागद जपून ठेवावा.

सांजवेळ
अवांतराबद्दल क्षमस्व, पण एक प्रश्न विचारायचा आहे. मी भाड्याने राहते. न्हाणीघराच्या छतातून वरच्या संडासाचं पाणी ठिबकतं. घरमालक म्हणतो, तक्रार केलीस तर करार वाढवणार नाही. निनावी तक्रार करता येते का?

कायदेकानू
सांजवेळ, हे अवांतर नाही, हेच मुळातलं आहे. निनावी तक्रार काही ठिकाणी घेतात, पण घरातल्या दोषासाठी तिचा उपयोग थोडा, कारण निरीक्षकाला आत यायला तुम्हीच दार उघडणार. तुमच्याकडे पर्याय आहे तो वरच्या संडासाचा. दोष त्या लाइनमध्ये आहे, तेव्हा तक्रार गळणाऱ्या सांडपाण्याच्या लाइनची करा, घरमालकाची नको. आणि घरमालकाला आधी लेखी कळवा, मेसेज चालेल. उद्या त्याने उलट काही म्हटलं तर तारीख तुमच्या बाजूने बोलेल.

सांजवेळ
असा विचारच केला नव्हता. आभारी आहे. भीती थोडी कमी झाली.

नीरक्षीर
पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. सरळसोट यांनी वर नळाच्या पाण्याचा उल्लेख केला म्हणून लिहिते.

पाण्याची तक्रार करताना लोक बाटलीत पाणी भरून वॉर्ड ऑफिसात नेऊन ठेवतात. तळमळ कळते, पण त्या बाटलीचा जंतू तपासायला उपयोग नसतो. नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यावा लागतो. त्या बाटलीत क्लोरीन मारणारं रसायन आधीच घातलेलं असतं, नाहीतर वाटेतच जंतू मरतात आणि घाण पाणी कागदावर स्वच्छ ठरतं. शिवाय नमुना थंड ठेवून काही तासांत प्रयोगशाळेत पोचवावा लागतो. तेव्हा तक्रारीत 'पाणी न्या' असं नको, 'नमुना घ्यायला माणूस पाठवा' असं लिहा. आणि तो आला की बघा, थेट लाइनच्या नळाचा नमुना घेतोय की टाकीच्या. दोन्ही घ्यायला सांगा. लाइन चांगली आणि टाकी खराब असं फार वेळा निघतं.

पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर आणखी एक गोष्ट. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो, आणि जवळच्या गटाराचं पाणी फुटक्या सांध्यातून आत ओढलं जातं. पुन्हा पाणी सुटलं की ती घाण पहिल्या काही मिनिटांत येते. दुपारी घेतलेल्या नमुन्यात काहीच सापडणार नाही. पाणी सुटतानाच घ्या. नळाला उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. त्या जागीच थेंब टाकून रंग बघता येतो, दोन मिनिटांचं काम.

शब्दवेल्हाळ
नीरक्षीर, हे वाचून फ्लिंट आठवलं. अमेरिकेत मिशिगन राज्यातलं शहर. एप्रिल २०१४ मध्ये त्यांचं पाणी बदलून नदीचं केलं. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते आणि उत्तर मिळत होतं, पाणी सुरक्षित आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका मोटार कारखान्याने हे पाणी वापरणं सोडलं, कारण यंत्राचे भाग गंजत होते. पाण्यात गंजरोधक घातलंच नव्हतं, त्यामुळे जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरत होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरने मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे समोर ठेवले, तेव्हा कुठे ऐकलं गेलं. दीड वर्ष लोकांच्या हातात बाटल्या होत्या!

कंदील
नमुना कुठे आणि कधी घेतला यावर सगळं असतं, हे नीरक्षीर यांचं म्हणणं अगदी बरोबर. नव्या मुलांना मी नेहमी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटची हकिगत सांगायचो. १८५४ ची पटकीची साथ. डॉ. जॉन स्नो यांनी पंपाचा दांडा काढायला लावला, ८ सप्टेंबरला, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कोणी सांगत नाही. नंतर विहीर आतून तपासली गेली, तेव्हा विटकाम ठीक दिसलं. दोष आढळला नाही! मग हेन्री व्हाइटहेड या तिथल्याच पाद्र्याने घरोघर फिरून विचारपूस केली. साथीच्या अगदी सुरुवातीला ४० नंबरच्या घरात एक तान्हं बाळ जुलाबाने आजारी होतं आणि त्याचे लंगोट धुतलेलं पाणी घराच्या शोषखड्ड्यात टाकलं होतं, हे त्याला कळलं. १८५५ मध्ये तो खड्डा उकरला, तर विटा कुजलेल्या आणि खड्डा विहिरीपासून तीन फुटांच्याही आत.

पहिली पाहणी खोटी नव्हती. ती चुकीच्या बाजूने होती. बाळाच्या आईला विचारल्यावर बरोबर जागा सापडली. म्हणून मी तक्रारदाराशी आधी पाच मिनिटं बोलायचो आणि मग भिंत बघायचो.

तळमजला
काका, यावर एक स्वतंत्र धागा काढा ना. नव्याने कामाला लागलेल्यांना फार उपयोगी पडेल.

सरळसोट
तळमजला यांना अनुमोदन. उंबरठाताई, पुढे काय झालं ते कळवा.

उंबरठा
सगळ्यांचे आभार, आणि उशीर झाला त्याबद्दल माफ करा. पाच आठवड्यांनी लिहितेय.

पुन्हा तक्रार केली. जुना टोकन नंबर, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पेन्सिलीच्या रेघांचे चार फोटो जोडले. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज दिला. नवव्या दिवशी निरीक्षक आले, यावेळी दार वाजवून. तिशीच्या आतल्या बाई होत्या. भिंतीजवळ गेल्या, रेघांवरच्या तारखा एकेक वाचल्या आणि मला विचारलं, 'या दोन रविवारीच एवढं अंतर का आहे?' मी म्हटलं, त्या दिवशी वरचे दिवसभर घरी असतात. त्यांनी मान हलवली आणि तडक वर गेल्या. वरच्यांनी त्यांना आत घेतलं.

त्यांनी वरच्या न्हाणीघराच्या नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे लादीतल्या सांडपाण्याच्या जाळीत, लाल रंगाचं पाणी ओतलं आणि मला सांगितलं, भिंतीवर पांढरा कागद चिकटवून ठेवा. सहा तास काही नाही. मला वाटलं, झालं, आता पुन्हा 'आढळले नाही'. रात्री साडेदहाला मुलगाच ओरडला, 'आई, भिंतीला रक्त!' कागदाच्या वरच्या कडेला गुलाबी ओघळ आला होता. फोटो काढून वरच्यांना पाठवला. दहा मिनिटांत दोघं नवरा-बायको खाली आले. त्यांनाही खरंच माहीत नव्हतं. सांधा त्यांच्या लादीखाली सुटला होता, त्यांच्या घरात एक थेंबही दिसत नव्हता. वहिनी मुलाच्या कॉटकडे बघून रडल्या.

गेल्या आठवड्यात लादी काढून सांधा बदलला. बाईंनी परत येऊन बघितलं, माझी सही घेतली आणि मगच तक्रार बंद केली. शेवटच्या रेघेपासून डाग हललेला नाही.

मोरपीस
वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्या बाईंच्या कामाबद्दल वरिष्ठांना पत्र नक्की लिहा. तक्रारीसाठी लिहितो, तसं यासाठीही लिहायला हवं.

उंबरठा
मोरपीस, आज रात्रीच लिहिते.

कंदील
शाब्बास! ताई, एक सांगायचं राहिलं. भिंत वरून कोरडी दिसली तरी आत पाणी असतं, वाळायला काही महिने जातात. सुटलेला गिलावा खरवडून भिंत उघडी ठेवा, पंखा लावा. बुरशी खरवडताना नाकातोंडाला मास्क बांधा आणि मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवा. रंग एवढ्यात मुळीच लावू नका.

उंबरठा
काका, रंगारी उद्या सकाळी यायचा होता. त्याला आत्ताच फोन करते.